सुरी जुनी, म्यान नवं



मागच्या भागात आपण सुरीला धार कशी लावायची ते पाहिलं. आज म्यानाबद्दल बोलणार आहे. सुरी चांगली आहे, पण तिचं म्यान फाटलंय, सैल झालंय किंवा हरवलंय, तर नवं कसं निवडायचं? विषय लहान वाटेल. मलाही वाटायचा. आता माझ्या डाव्या हाताच्या दोन बोटांवर एक आडवा व्रण आहे. तो कसा आला, तिथूनच सुरुवात करतो.

मी राहतो बेंगळुरूच्या महादेवपुऱ्यात, नवव्या मजल्यावर. माझा पुतण्या इथेच व्हाइटफील्डला नोकरी करतो. गेल्या वर्षी ऑक्टोबरात मित्रांबरोबर कुमार पर्वतावर जायचं त्याने ठरवलं. कुक्के सुब्रह्मण्यहून चढायचं, रात्री मुक्काम करायचा. घरी आला आणि म्हणाला, "काका, तुमची ती फौजेतली सुरी नेऊ का?"

सुरी कपाटात होती. निवृत्त झाल्यापासून सात वर्षं तिथेच, तिच्या मूळच्या कातडी म्यानात. मी ती काढली, डाव्या मुठीत म्यान धरलं आणि उजव्या हाताने सुरी ओढली. सात वर्षांत पात्यावर गंज चढला होता, त्यामुळे ती अडकली. मी जोर लावला. म्यानाची शिवण कुजलेली होती, हे मला बाहेरून दिसलं नव्हतं. धार शिवणीतून सरळ बाहेर आली आणि माझ्या बोटांतून गेली. पाच टाके पडले.

घरी होतो म्हणून वीस मिनिटांत डॉक्टर मिळाला. मी ती सुरी न तपासता पुतण्याच्या हातात दिली असती, तर हेच डोंगरावर झालं असतं, रस्त्यापासून काही तासांच्या अंतरावर. तो विचार मला टाक्यांपेक्षा जास्त लागला.

चूक दोघांची होती

म्यान कुजलं होतं, ही पहिली चूक. पण दुसरी चूक माझी होती, आणि ती मला तीस वर्षांपूर्वीच कुणीतरी दाखवून दिली होती.

ईशान्येत असताना आमच्या शेजारी एक गोरखा तुकडी होती. खुकरीचं म्यान तुम्ही पाहिलं असेल : आत लाकडाच्या दोन फाकी, वरून कातडं. खुकरीचं पातं रुंद आणि वाकडं, त्यामुळे काढताना धार म्यानाच्या आतल्या कडेला घासत येते. मी उत्साहाने एक खुकरी हातात घेतली, म्यानाभोवती मूठ आवळली आणि ओढणार, तोच त्यांच्या सुभेदारसाहेबांनी माझं मनगट धरलं. "साहब, उंगली धार की तरफ नहीं." मग त्यांनी दाखवलं. म्यान पाठीच्या बाजूने धरायचं, अंगठा आणि बोटं दोन्ही बाजूंना सपाट ठेवायची, धारेच्या कडेवर एकही बोट गुंडाळायचं नाही. म्यान फाटलं तरी पातं हवेत निघेल, हातात नाही.

मी मान डोलावली, आणि तीस वर्षांनी घरच्या दिवाणखान्यात तेच विसरलो.

म्हणून आजच्या विषयाचा गाभा आधी सांगून टाकतो. सुरी आपण दिवसातून काही मिनिटं वापरतो. उरलेला सगळा वेळ ती म्यानात असते आणि म्यान आपल्या अंगाला लागून असतं. आपण घसरतो, बसतो, वाकतो, झोपतो, तेव्हा धार आणि मांडी यांच्यामध्ये फक्त म्यान असतं. त्यामुळे म्यान निवडताना ते सुरीला कसं शोभेल हे शेवटी बघा. आधी ते धरणारा हात आणि त्याला टेकलेलं अंग डोळ्यांपुढे आणा.

म्यानाची तीन कामं

पहिलं काम, सुरी धरून ठेवणं. उलटं झालं, झाडीत अडकलं, तुम्ही उतारावरून घसरलात, तरी सुरी आपोआप बाहेर येता कामा नये.

दुसरं, धार आणि टोक अडवणं. म्यान नेहमी दोन ठिकाणी हरतं : तोंडाशी आणि टोकाशी. तोंडाशी रोज घालता-काढताना धार लागते आणि टोकाशी पडल्यावर सगळा भार येतो. आपल्याकडे तलवारीची म्यानं करणाऱ्यांना हे ठाऊक होतं. म्यान लाकडाचं, वर कातडं किंवा मखमल, पण तोंडाला आणि टोकाला धातू. तोंडाच्या धातूला मुहनाल म्हणतात, टोकाच्या धातूला तहनाल. त्यावर नक्षी असते म्हणून आपण तो दागिना समजतो, पण मुळात ती झीज रोखण्याची सोय आहे.

तिसरं काम, पाणी बाहेर जाऊ देणं. हे लोक हमखास विसरतात. पावसात, दवात, नदी ओलांडताना म्यानात पाणी जाणारच. ते निघालं नाही तर पातं गंजतं आणि कातडं कुजतं.

ही तीन कामं निरनिराळ्या लोकांनी आपापल्या मुलखाप्रमाणे सोडवली आहेत. कोकणात शेतकरी कमरेला आकडी बांधतो आणि तिच्यात कोयता अडकवतो. आकडी उघडी असते, पाणी साठायला जागाच नाही. कामाच्या माणसाला कोयता दिवसातून पन्नास वेळा काढायचा-घालायचा असतो, तिथे बटणं लावत कोण बसणार? आमच्या कर्नाटकात कोडगूमध्ये ओडिकत्ती नावाचं रुंद, वाकडं हत्यार कमरेच्या मागे तोडंग नावाच्या पितळी अडकवणीत उघडंच ठेवतात, आणि लहान पीचेकत्ती मात्र सजवलेल्या म्यानात, पुढे खोवतात. नागालँडमध्ये दावचं लाकडी म्यान एका बाजूने उघडं असलेलं मी पाहिलं आहे. पावसाच्या प्रदेशात बंद म्यानापेक्षा उघडं म्यान लवकर सुकतं, एवढाच त्याचा अर्थ.

पण कोयता कमरेला लावणारा माणूस त्याच्याबरोबर वाढलेला असतो. आपण वर्षातून चार वेळा डोंगरावर जाणारे. आपल्याला बंद म्यानच हवं.

कातडं, नायलॉन की प्लास्टिक?

बाजारात मुख्यतः चार प्रकार मिळतात. प्रत्येकाचा गुण आणि खोड सांगतो.

कातडं. आवाज करत नाही, पात्याला ओरखडे पाडत नाही, शरीराच्या आकाराला जुळवून घेतं, फाटलं तर गावातला कारागीर शिवून देतो. खोड एकच, पण मोठी : ते पाणी पितं आणि धरून ठेवतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने हा धडा घेतला. १९४३ मध्ये त्यांनी एम-३ नावाची सुरी सैनिकांना दिली, सोबत एम-६ हे कातडी म्यान. दमट, उष्ण मुलखात कातडं टिकेना. त्याच वर्षी एम-८ हे कडक, कृत्रिम राळेचं म्यान आलं आणि कातडी म्यान मागे पडलं.

कातड्यातही फरक असतो. क्रोम क्षारांनी कमावलेलं कातडं मऊ असतं, आकार धरत नाही, आणि त्यात राहिलेल्या क्षारांनी पोलाद लवकर गंजू शकतं. म्यानाला हवं झाडांच्या साली-फळांनी कमावलेलं कातडं. ते आपल्या ओळखीचंच आहे. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. ते कडक राहतं आणि ओलं करून दिलेला आकार सुकल्यावर धरून ठेवतं. मात्र हेही कातडंच, म्हणून सुरी त्यात कायमची ठेवायची नाही.

साधं नायलॉन. हलकं, स्वस्त, लवकर सुकतं. पण नुसत्या नायलॉनच्या कापडातून टोक आरपार जातं. आत कडक प्लास्टिकचं अस्तर असेल तरच घ्या. दुकानात दोन बोटांनी म्यान दाबून पाहा. पुठ्ठ्यासारखं दबलं किंवा नुसतं कापड लागलं, तर ठेवून द्या.

साच्यात ओतलेलं प्लास्टिक. स्वीडनमधल्या मोरा गावच्या सुऱ्यांबरोबर असतं तसं. धुता येतं, कुजत नाही. पण ते त्याच एका सुरीसाठी असतं. दुसरी सुरी त्यात बसली तरी ती ‘बसली’ म्हणायची, ‘धरली’ नाही.

कायडेक्स. हे चादरीच्या रूपात मिळणारं कडक प्लास्टिक. तापवून मऊ करतात आणि सुरीभोवती दाबतात. थंड झालं की सुरीचा हुबेहूब आकार घेतं, आणि सुरी आत जाताना ‘टक’ असा आवाज येतो. पाणी पीत नाही, पट्ट्याशिवायही सुरी घट्ट राहते. खोडी दोन. आत वाळू गेली की पात्यावर ओरखडे पडतात आणि धारही घासते. दुसरी, चालताना आवाज होतो. फौजेत हा मोठा दोष. तुम्हाला तो फक्त कानाला त्रास. यूट्यूब पाहून घरच्या ओव्हनमध्ये कायडेक्स तापवण्याचे प्रयोग करू नका. जास्त तापलं तर त्यातून घातक धूर निघतो, आणि त्याच ओव्हनमध्ये उद्या नातवंडांचा केक असतो.

आधी माप, मग बाजार

आपल्याकडे म्हणतात, एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. बाजार मात्र एकाच म्यानात दहा सुऱ्या बसवून दाखवतो. ‘सर्व सुऱ्यांना चालेल’ असं लिहिलेलं म्यान सहसा एकाही सुरीला नीट चालत नाही. लांबी जुळते, पण सुरी आत खुळखुळते, आणि प्रत्येक पावलाला धार त्याच एका जागी घासत राहते. एक दिवस ती जागा फाटते.

म्हणून कागद घ्या. सुरी आडवी ठेवा, धारेला चिकटपट्टी लावा आणि पेन्सिलने तिचा आकार काढा. त्यावर पाच मापं लिहा : पात्याची लांबी, सर्वांत रुंद जागी रुंदी, पाठीची जाडी, परजेची रुंदी, आणि पट्टा जिथून जाईल तिथला मुठीचा घेर. पाठीची जाडी लोक लिहीत नाहीत आणि तिथेच फसतात. माझ्या सुरीचं पातं १७ सेंटिमीटर लांब आणि ५ मिलिमीटर जाड. मी आधी मागवलेलं एक तयार म्यान लांबीला अगदी बरोबर होतं, पण ३ मिलिमीटर पाठीसाठी केलेलं. सुरी अर्ध्यावर अडकली.

पात्याच्या पाठीवर करवतीचे दात असतील तर कातडं बाद समजा. दात प्रत्येक वेळी कातडं खरवडून काढतात. अशा सुरीला कडक अस्तर किंवा कायडेक्सच हवं.

मग स्वतःला विचारा, सुरी कुठे राहणार? पाठीवर मोठी सॅक असेल तर तिचा कमरपट्टा नेमका म्यानावर येतो. मग म्यान कमरेच्या पट्ट्याखाली थोडं लोंबतं हवं. जीपमध्ये, मोटारसायकलवर बसायचं असेल तर मूठ बरगडीत टोचते का, ते घरीच खुर्चीत बसून पाहा. डावखुरे असाल तर म्यान दोन्ही बाजूंनी लावता येतं का, हे विचारा.

कातडी म्यान घेताना काय बघायचं

कातडी म्यानाची तोंडाकडची कड उघडून आत पाहा. दोन थरांच्या मध्ये, धारेच्या बाजूला, कातड्याची आणखी एक पट्टी शिवलेली आहे का? ही पट्टी म्हणजे म्यानाचा प्राण. धार तिच्यावर टेकते, दोऱ्यावर नाही. पट्टी नसेल तर पहिल्या दिवसापासून धार टाके कापत असते. पट्टीची जाडी साधारण पात्याच्या पाठीएवढी हवी.

दुसरं, टाके. यंत्राच्या शिवणीत एक टाका तुटला की पुढचे उसवत जाण्याची भीती असते. दोन सुया घेऊन हाताने घातलेल्या, मेण लावलेल्या दोऱ्याच्या शिवणीत एक तुटला तरी बाकीचे धरून राहतात. कारागीर आरीने भोक पाडून दोन्हीकडून दोरा ओढतो, ती शिवण.

तिसरं, टिचबटण. ते मुठीच्या पट्ट्यावर अशा जागी हवं की सुरी घालताना-काढताना धार पट्ट्याला लागणार नाही. नाहीतर पट्टा महिनाभरात कापला जातो.

आणि टोकाशी एक भोक, पाणी निघायला.

मी शेवटी कातडंच निवडलं, आणि ते अथणीला करून घेतलं. अथणी बेळगाव जिल्ह्यात, कोल्हापुरी चपला करणाऱ्यांचं मोठं गाव. आपल्याला कोल्हापुरी म्हणजे फक्त महाराष्ट्र वाटतं. २०१९ मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा त्यात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे होते. बेळगाव त्यांतला एक.

आता सुरी अथणीला पाठवायची कशी? कुरियरने हत्यार पाठवायचं नाही, आणि उघडी सुरी घेऊन मी बसने जाणार नव्हतो. म्हणून प्लायवूडचे तुकडे चिकटवून, कानसून, सुरीचा हुबेहूब लाकडी नमुना केला. मापं मिलिमीटरपर्यंत जुळवली. कारागिराला तो फारच सोयीचा पडला. कातडं भिजवून नमुन्याभोवती दाबून सुकवायचं असतं. खरी सुरी ओल्या कातड्यात दोन दिवस राहिली असती तर गंजली असती. लाकडाला ती भीती नाही. ते मला म्हणाले, "साहेब, आम्ही पायाचं माप घेतो तसंच हे. माप चुकलं की चावतं."

घरी आल्यावर तीन परीक्षा

नवं म्यान आलं की ते आधी तपासा, मग कमरेला लावा. परीक्षा करताना जमिनीवर जाड सतरंजी टाका, पायात बूट घाला, मुलांना दुसऱ्या खोलीत पाठवा.

पहिली परीक्षा : बटण लावून म्यान उलटं धरा आणि जोरात झटका. सुरी जराही सरकता कामा नये. कायडेक्स असेल तर बटणाशिवायही ती राहायला हवी.

दुसरी : एका हाताने सुरी काढून बघा, मग हातमोजा घालून. दुसऱ्या हाताची मदत लागत असेल तर विचार करा, दोरीत अडकलेला माणूस दुसरा हात कुठून आणणार?

तिसरी : म्यानात पाणी भरा, ओता आणि बघा किती थेंब आत राहतात. कातडी म्यानाला ही परीक्षा देऊ नका. त्याचं भोक काडी घालून मोकळं आहे एवढं पाहा.

आणि सवय एकच लावून घ्या. सुरी परत घालताना नेहमी म्यानाच्या तोंडाकडे बघा. सिनेमात नायक न बघता घालतो. खऱ्या आयुष्यात बहुतेक वेळा घाई काढताना असते. घालताना कुणीही आपल्या मागे लागलेलं नसतं.

ठेवायचं कुठे, न्यायचं कसं

ट्रेकवरून आलात की सुरी म्यानातून बाहेर. पातं पुसा, कोरडं करा, तेलाचा पातळ हात फिरवा, तेलकट कागदात गुंडाळा. म्यान सावलीत, वाऱ्यावर सुकवा. उन्हात किंवा गॅसजवळ नको, कातडं तडकतं. दोन्ही शेजारी ठेवा, एकात एक नको. एवढं केलं असतं तर माझी बोटं वाचली असती. पोलाद साधं कार्बनचं असेल तर ही काळजी दुप्पट, कारण स्टेनलेसपेक्षा ते फार लवकर गंजतं.

प्रवासाचंही सांगतो. म्यान चांगलं आहे म्हणून सुरी कुठेही नेता येते असं नाही. शस्त्र कायदा १९५९ खालच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या हत्यारांच्या यादीत येतात. घरकाम आणि शेतीची अवजारं वेगळी. महाराष्ट्रात पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली वेळोवेळी मनाई आदेश निघतात, त्यात सुऱ्याही येतात. विमानात केबिनमध्ये नाहीच. चेक-इन सामानात, म्यानात घालून नीट गुंडाळून. आमच्या मेट्रोच्या तपासणीत सुरी अडवतात. वनखात्याच्या नाक्यावर आधी विचारा. आणि गावात, बाजारात, लोकलमध्ये कमरेला लावून फिरू नका. ती सॅकच्या तळाशी ठेवा. डोंगराच्या पायथ्याशी पोहोचलात की मग कमरेला.

पुतण्या त्या ऑक्टोबरात सुरी न घेताच गेला. मीच नेऊ दिली नाही. यंदा तो पुन्हा जातोय. अथणीचं म्यान आलं त्या संध्याकाळी मी त्याला समोर बसवलं आणि सुरी त्याच्या हातात दिली. त्याने म्यान डाव्या मुठीत आवळलं आणि ओढायला गेला. मी त्याचं मनगट धरलं.

"बोटं धारेकडे नाहीत," मी म्हणालो.

त्याने माझ्या व्रणाकडे पाहिलं आणि बोटं सरळ केली.

तुम्हीही आज घरी एवढंच करा. कपाटातली जुनी सुरी काढा, पण ओढू नका. आधी म्यानाची शिवण बोटाने चाचपा, तोंड उघडून आत बघा, टोक दाबून बघा. शंका आली तर म्यान पाठीच्या बाजूने धरा, सावकाश सुरी बाहेर काढा आणि ते म्यान तिथेच बाद करा. आठवण म्हणून ठेवायचं तर रिकामं ठेवा.

पुढच्या भागात दोर आणि गाठींबद्दल बोलू. तोपर्यंत सांभाळून राहा.

जय हिंद.